ओठ बघा माझे

घरात तिला सगळे कात्री म्हणायचे. हे नाव नवऱ्याने ठेवलं होतं, आणि त्याचा तिच्या जिभेशी काडीचाही संबंध नाही असं तो शपथेवर सांगायचा. ती व्हिडिओ एडिटिंग करायची. लोकांची लग्नं, वाढदिवस, कंपन्यांचे कार्यक्रम, तासन् तास चाललेलं सगळं कापून ती बघणाऱ्याला कंटाळा येणार नाही इतकं आटोपशीर करून द्यायची. घरातल्याच एका खोलीत टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि कुरकुरणारी खुर्ची, एवढं तिचं दुकान.

तिच्या सासूबाई बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. त्यांना सगळा परिसर नुसतं 'बाई' म्हणायचा. दूधवाला, वरच्या मजल्यावरचे आजोबा, बँकेतला शिपाई, सगळेच. त्यातल्या निम्म्यांनी त्यांच्याकडे पहिली अक्षरं गिरवली होती. या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या आणि शाळेने ठरवलं, की निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्यावर एक छोटी फिल्म दाखवायची. मुख्याध्यापिकांनी कात्रीला फोन केला. "घरचंच माणूस असताना बाहेर कशाला जायचं?"

कात्रीने संध्याकाळी बाईंना सांगितलं. बाई खिडकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माझी कसली फिल्म? मुलांची कर." एवढं बोलून उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

"बघितलंस?" कात्री नवऱ्याला म्हणाली. "केलंच तोंड वाकडं."

गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं. बाई तिच्याशी बोलताना मान फिरवायच्या. ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊन जेवायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. पूर्वी स्वयंपाक कसाही झाला तरी बाई टेबलाशी बसून शाळेतले किस्से सांगायच्या, मुलांच्या नकला करून हसवायच्या. आता चहासुद्धा खोलीत. कात्रीने खूप डोकं खाजवलं, पण आपलं कुठे चुकलं ते तिला सापडेना. शेवटी तिने नोकरी सोडून घरी काम सुरू केलं त्याचाच हा राग, असं तिने मनाशी पक्कं केलं. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर बाई "छे गं" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

शूटिंगच्या दिवशी कात्रीने वर्गात दोन कॅमेरे लावले. एक बाईंवर, एक मुलांवर. बाई नेहमी केस घट्ट वर बांधायच्या, त्या दिवशी अंबाडा सैल होता आणि कानांवरून खाली आला होता. "फिल्मसाठी नवी फॅशन वाटतं," कात्री गमतीने म्हणाली. बाई हसल्या नाहीत.

धडा ओठांच्या अक्षरांचा होता. बाई मुलांसमोर बुटक्या स्टुलावर बसल्या, अगदी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. "ओठ बघा माझे," त्या म्हणाल्या. "आधी घट्ट बंद. आत हवा कोंडली. आणि मग सोडली. प!"

"प!" सगळा वर्ग ओरडला.

"फ. ओठ बघा. ब. भ. आणि म म्हणताना तर उघडायचेच नाहीत, नुसतं गुणगुणायचं."

मुलं डोळ्यांची पापणी न हलवता बाईंच्या तोंडाकडे बघत होती. कात्रीला कॅमेऱ्यामागे उभ्या उभ्या हेवा वाटला. तिच्याकडे एवढ्या मन लावून कुणी कधी बघितलं नव्हतं.

एडिटिंगला बसल्यावर तिने ठरवलं, की प्रत्येक मुलाची ओळख चित्र थांबवून करून द्यायची. ही युक्ती जुनीच, पण लोकांना आवडते. चित्र चालू असतं, मूल काहीतरी करत असतं, आणि अचानक सगळं गोठतं. मागचा वर्ग काळा-पांढरा होतो, मूल तेवढं रंगीत राहतं, त्याच्याभोवती पांढरी कड येते, 'टिंग' असा आवाज होतो आणि बाजूला नाव उमटतं. दोन क्षण थांबायचं, मग परत सगळं हलू लागतं.

करायला सोपं, पण कुठे थांबवायचं ते ओळखणं अवघड. चालत्या चित्रात माणूस देखणा दिसतो, तोच थांबवला की बावळट दिसतो. अर्धवट मिटलेला डोळा, उडालेली भुवई, शब्दाच्या मधेच अडकलेलं तोंड. एका सेकंदाच्या पंचवीस चित्रांतून एखादंच कामाचं निघतं. कात्री कीबोर्डवरचा बाण दाबत एकेक चित्र पुढे सरकायची, मागे यायची.

मुलांच्या फ्रेम थांबवताना तिला हसू आवरेना. 'प' म्हणताना प्रत्येकाचं तोंड एका बाजूला ओढलेलं. पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांवालीचं, तिच्या शेजारच्या दातपडक्याचं, मागच्या लठ्ठ्याचं. ओठ डावीकडे सरकलेले, आणि चेहऱ्यावर भाव तर असा, जणू परीक्षाच चालली आहे. कात्रीला वाटलं, कॅमेरा बघून कार्ट्यांना चेव आलाय. तिने एकापाठोपाठ एक सगळे चेहरे ओळीने लावले. प, टिंग. फ, टिंग. ब, टिंग. शेवटच्या 'म'ला सगळे एकदम एका पडद्यावर. नवऱ्याला बोलावून दाखवलं तर तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

बाईंची फ्रेम मात्र काही केल्या जमेना. शेवटी त्यांचा हसरा चेहरा थांबवावा आणि मोठ्या अक्षरांत 'आपल्या बाई' असं यावं, असं तिच्या मनात होतं. तिने सगळं चित्रण पालथं घातलं. कुठे एक डोळा बारीक, कुठे हसू अर्धंच. एक धड हसू मिळालं नाही. "माझा कॅमेरा आहे ना समोर," ती स्वतःशीच पुटपुटली, "कशाला हसतील." मग तिने एका मुलीच्या पाटीवर वाकलेल्या बाईंचं चित्र घेतलं, उजव्या बाजूने टिपलेलं. ते सुंदर होतं. तिथे थांबवलं आणि काम संपवलं.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला होता. फिल्म सुरू झाली. मुलांचे गोठलेले चेहरे आले आणि पहिल्याच 'टिंग'ला हशा पिकला. दुसऱ्याला त्याहून मोठा. आपापल्या पोराचं नाव आलं की आईबाप टाळ्या पिटत होते. मुलं स्वतः तर बाकांवर उड्या मारत होती. कात्री बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती आणि पडदा सोडून पहिल्या रांगेतल्या बाईंकडे बघत होती. बाईंनी तोंडावर हात धरला होता. हसतायत, कात्रीला वाटलं. चला, एकदाच्या हसल्या.

सगळे चेहरे एकत्र पडद्यावर आले, हॉल नुसता दणाणला, आणि बाई उठल्या. वाकून, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत त्या बाजूच्या दाराने बाहेर गेल्या. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. मुख्याध्यापिकांनी माइकवर तसं सांगूनही टाकलं.

बाई परत आल्या नाहीत. त्यांच्यासाठी आणलेली शाल आणि फुलं त्यांच्या मुलाने घेतली. दोघं घरी पोचली तेव्हा बाई आपल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, साडीसुद्धा बदललेली नव्हती.

"आई, काय झालं?" मुलाने विचारलं.

"काही नाही. डोकं चढलं गर्दीने." मग कात्रीकडे न बघता म्हणाल्या, "छान केलीस गं फिल्म." आणि दार लोटून घेतलं.

नवरा कात्रीकडे वळला. "तू काहीतरी केलंयस."

"मी काय केलं? लोक मुलांना हसले, त्यांना कुठे हसले?"

"मग ती उठून का गेली?"

"मला काय माहीत! तुझी आई आहे, तू विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पालकाचा फोन आला. दोन वेण्यांवालीची आई. फिल्म आवडली वगैरे झालं, मग ती जरा अडखळली. "एक विचारू का? आमची ही घरीही 'प' असाच म्हणते. पप्पा म्हणताना तोंड असं ओढते. आम्हाला वाटलं हिलाच खोड लागलीय, रागावलोही आम्ही. पण काल बघितलं तर सगळ्याच मुलांचं तसं. मुद्दाम शिकवलंय का ते? काही नवी पद्धत आहे?"

"नाही... विचारून सांगते," कात्री म्हणाली.

फोन ठेवून तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि दोन्ही कॅमेऱ्यांचं मूळ चित्रण शेजारीशेजारी लावलं. डावीकडे बाई, उजवीकडे मुलं. आवाजावर आवाज जुळवला आणि दोन्ही एकदम चालू केले. 'प'वर थांबवलं.

बाईंचे ओठ त्यांच्या उजवीकडे ओढले गेले होते. डावी कड जागची हललीच नव्हती, तिथे ओठ नीट मिटलेही नव्हते. आणि मुलांचे ओठ मुलांच्या डावीकडे. आरशासमोर बसावं तशी ती बाईंसमोर बसली होती, आणि दिसेल ते तंतोतंत करत होती. एकानेही खोडी काढली नव्हती. त्यांनी फक्त नीट बघितलं होतं.

तिने 'फ'वर थांबवलं. 'ब'वर थांबवलं. जिथे जिथे हसू शोधताना ती चिडली होती, त्या सगळ्या जागा पुन्हा काढल्या. प्रत्येक ठिकाणी डावा गाल तसाच, इस्त्री केल्यासारखा. मग तिने जुन्या फायली उघडल्या. तिच्या स्वतःच्या लग्नाचं चित्रण त्यात होतं. बाई पाहुण्यांना काहीतरी सांगत खदाखदा हसत होत्या. थांबवलं. दोन्ही गाल वर, दोन्ही डोळ्यांना सुरकुत्या.

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याने बघितलं आणि खांदे उडवले. "तू दिवसभर थांबलेले चेहरे बघतेस. असा मधेच थांबवलास तर माझाही वाकडाच दिसेल."

"मग तूच थांबव. कुठेही."

त्याने बटण दाबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा दाबलं. असं बऱ्याच वेळा झाल्यावर तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायला. परत येऊन म्हणाला, "रोज समोर असते गं ती माझ्या."

"समोर कुठे असतात? खोलीत असतात."

दुपारी बाई ताट घेऊन आत गेल्या. कात्री थोडं थांबली, मग दार ढकलून सरळ आत गेली. बाई दाराकडे पाठ करून जेवत होत्या. डाव्या हाताने ओठांच्या कडेला रुमाल धरलेला, समोर वाटीत पातळ केलेलं जेवण आणि लहान मुलाचा चमचा. दचकून त्यांनी रुमाल खाली घेतला, आणि हनुवटीवरून पाण्याचा ओघळ आला. त्यांनी तो घाईघाईने पुसला.

"दार वाजवायची पद्धत असते," बाई म्हणाल्या.

"आई, कधीपासून?"

बाईंनी ताट बाजूला सरकवलं. कात्रीला वाटलं, आता 'छे गं' म्हणणार.

"सहामाहीच्या सुमारास," बाई म्हणाल्या. "आधी वाटलं वारा लागला. तेल चोळलं. मग चूळ भरताना पाणी सांडायला लागलं. हात दे तुझा."

त्यांनी कात्रीची बोटं धरली आणि कानावरचे सैल केस बाजूला करून कानाच्या पाळीखाली टेकवली. तिथे गोटीएवढं काहीतरी होतं. टणक, आणि जागचं न हलणारं.

"कुणाला तरी सांगायचं ना," कात्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नाही तर निदान यांना."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी रजा. शेवटचं वर्ष माझं. तोंड वाकडं झालेल्या बाईला बालवर्गात कोण ठेवेल? केस खाली घेतले. कुणाशी बोलताना बाजू बदलून बसायला लागले. मुख्याध्यापिकेला कळलं नाही, तुला नाही, पोटच्या पोराला नाही. म्हटलं, जमलं की आपल्याला. आणि मुलं रोज माझ्याच तोंडाकडे बघत होती. मीच सांगत होते बघा म्हणून. काल तो पडदा बघितला आणि जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. इतके महिने मी त्यांना हे शिकवलं. वर्गात कशी गं दिसली नाहीत मला ती?"

"हलतं असताना दिसत नाही," कात्री म्हणाली. "मलाही दिसलं नाही. मी तर त्याचा विनोद केला."

"तुला कुठे माहीत होतं."

"मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलात. माझं तोंड बघायला नको म्हणून मान फिरवता."

बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं, सगळा चेहरा समोर ठेवून. "कधीकधी रागावलेही होते. भाजीत मीठ घालायला तुझा हात कचरतो." त्या हसल्या. अर्धाच चेहरा हसला, आणि कात्री त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

डॉक्टर तरुण होती आणि गोड बोलायची तिला सवय नव्हती. तपासण्या झाल्यावर तिने तिघांना समोर बसवलं. गाठ लाळेच्या ग्रंथीत होती आणि चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच जात होती. गाठ काढताना नस किती वाचेल ते आत बघितल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. "इतके महिने काय करत होतात?" तिने विचारलं.

"शिकवत होते," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी एकच हट्ट धरला, शाळेत जायचा. कात्री बरोबर गेली. बालवर्गावर आता नवी शिक्षिका आली होती, उत्साही आणि हसतमुख. बाईंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुलांना एकेकाला पुढे बसवून पुन्हा शिकवावं लागेल, चिडवायचं मात्र नाही, असं समजावलं. नव्या शिक्षिकेने त्यांचा हात हातात घेतला. "तुम्ही मुळीच काळजी करू नका बाई. लहान आहेत, आठवड्याभरात विसरून जातील."

बाईंनी मान डोलावली. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. विसरायलाच हवं."

फिल्मचा तो भाग तोवर घरोघरच्या फोनवर पोचला होता. कुणीतरी दातपडक्याच्या गोठलेल्या चेहऱ्याचं चित्र केलं होतं आणि लोक ते एकमेकांना सकाळच्या शुभेच्छा म्हणून पाठवत होते. कात्रीने मुख्याध्यापिकांना फोन करून तो भाग काढून टाकायची विनंती केली. "अगं, सगळ्यांना तर तोच आवडलाय!" असं उत्तर मिळालं. मग तिने कारण सांगितलं. मुख्याध्यापिकांनी शाळेकडचा व्हिडिओ काढला, पालकांनाही कळवलं. काहींनी काढला, काहींनी नाही. सुटलेला बाण परत कुठून आणायचा? कात्री रोज फोन हातात घेऊन बसायची आणि आज कुठे दिसतोय ते शोधत राहायची. शेवटी बाईंनीच तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"पुरे आता. हसतायत ना लोक? हसू दे. रडवण्यापेक्षा बरं."

पण रात्री त्या जाग्या असत, हे तिला भिंतीपलीकडून कळत असे.

ऑपरेशन लांबलं. नवरा-बायको बाकावर बसून होते. तो मधेच उठायचा, पाण्याच्या मशीनपर्यंत जायचा, न पिताच परत यायचा. "आई नकला करायची आठवतं?" त्याने एकदा विचारलं. कात्री "हो" म्हणाली.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा थकलेली होती. गाठ पूर्ण निघाली. पण ती चांगल्या जातीची नव्हती, पुढे रेडिएशन घ्यावं लागणार होतं. नसेच्या दोन फांद्या वाचवता आल्या नव्हत्या. डाव्या बाजूचे ओठ आता हलणार नव्हते. डोळा मिटायला लागेल बहुतेक, पण वेळ लागेल.

पट्ट्या उतरल्या त्या दिवशी बाईंनी आरसा मागितला. नर्सने मुलाकडे बघितलं, मुलाने जमिनीकडे. कात्रीने आपल्या पिशवीतून आरसा काढून दिला. बाईंनी तो आधी डावीकडे धरला, मग उजवीकडे, आणि बराच वेळ उजवीकडेच धरून ठेवला.

"ही तरी ओळखीची आहे," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते. मग आरसा पालथा ठेवून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या दिवशी कुणालाच भेटल्या नाहीत. वरच्या मजल्यावरचे आजोबा फळं घेऊन आले होते, ते तसेच परत गेले.

घरी आल्यावर दुसरी अडचण समोर आली. डोळा मिटत नसल्यामुळे झोपताना त्यात मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद करायची होती. मुलाने पहिल्या दिवशी प्रयत्न केला. मलम डोळ्याऐवजी भुवईला लागलं आणि तो "सॉरी आई, सॉरी" म्हणत बाहेर निघून गेला. कात्रीने ट्यूब उचलली. बाईंची मान उशीवर नीट ठेवली, खालची पापणी हलकेच ओढली, मलमाची बारीक रेघ सोडली आणि पापणी खाली आणून पट्टी लावली.

"तुझी बोटं बर्फासारखी आहेत गं," बाई कुरकुरल्या.

"आत्ताच भांडी घासून आलेय."

"मग पुसून तरी यायचं."

"उद्यापासून हातमोजे घालते."

"नको. मग मला कळायचं नाही नीट लागलीय की नाही." बाईंनी उघड्या डोळ्याने छताकडे बघितलं. "उद्या किती वाजता निघायचंय?"

"गाडी आठला येईल. मी येणारे बरोबर, काम पुढे ढकललंय."

"ते रेडिएशन... दुखतं का?"

"नाही म्हणाली डॉक्टर. पण नंतर तोंड कोरडं पडतं."

"हं," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पांघरुणाखालून हात बाहेर काढला आणि कात्रीच्या मनगटावर ठेवला. कात्री दिवा मालवायला उठणार होती, ती तशीच बसून राहिली.